अत्तर कुणी कुणाला लावलं? ऐतिहासिक प्रेमकथेत सुगंध लिहिताना

नव्याने लिहू लागलेल्यांच्या ऐतिहासिक संहिता माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकींमध्ये पहिल्या दहा पानांत कुठेतरी हे वाक्य असतंच: ‘ती आली आणि महालात मोगऱ्याचा मंद सुगंध दरवळला.’ मी त्याच्या समासात पेन्सिलीने लिहिते, ‘कुणी लावला?’ लिहिणारा बुचकळ्यात पडतो. नायिका म्हटली की अंगाला सुगंध येणारच, त्यात कुणी लावायचा काय प्रश्न? पण त्या काळात अत्तर महाग होतं, पेटीत कुलुपाखाली असायचं, आणि ते कुपीतून काढून कुणीतरी कुणाच्या तरी हाताला लावायचं. पेटीची किल्ली कुणाच्या कमरेला होती, हात कुणी पुढे केला आणि कुणाला वगळलं, एवढं ठरवलंत की अर्धा प्रसंग लिहून झाला.

मी मुख्यतः मालिका आणि नाटकांसाठी लिहिते, त्यामुळे हे टिपण पेशवाई आणि मुघल काळाभोवतीच फिरेल. कादंबरी लिहिणाऱ्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी एक खरी हकीकत

गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाँने लावला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. गुलाबपाण्याचे पाट, त्यावर तरंगणारा तेलाचा तवंग, शेजारी प्रेमात बुडालेला बादशहा. चित्र सुरेखच आहे. खुद्द जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात, १६१४ च्या सुमाराच्या नोंदीत, वेगळीच हकीकत दिली आहे. हे श्रेय तो नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला देतो. ती गुलाबपाणी काढत असताना सुरईतून गरम गुलाबपाणी ताटल्यांत ओतलं की वर तवंग धरायचा. तो तिने थोडाथोडा करून जमवला. एक थेंब तळहातावर चोळला की अख्खी मजलिस दरवळते, असं जहांगीर लिहितो. सलीमा सुलतान बेगम तिथे हजर होती. तिने त्याला नाव दिलं ‘इत्र-ए-जहांगिरी’. बादशहाने अस्मत बेगमला मोत्यांची माळ बक्षीस दिली.

आता ही माणसं एकमेकांसमोर उभी करून बघा. अस्मत बेगम बादशहाची सासू. मुलीचं लग्न १६११ मध्ये झालेलं, म्हणजे घराणं दरबारात नुकतंच वर येतंय. सलीमा सुलतान ही बाबराच्या मुलीची मुलगी, अकबराची विधवा, जहांगीराची सावत्र आई. बाप-लेकांचं बिनसलं होतं तेव्हा समेट घडवायला हीच अलाहाबादला गेली होती. तर, अत्तर काढलं नव्या सोयऱ्यांच्या विहिणीने, आणि त्याला नाव देण्याचा मान घेतला जुन्या घरातल्या थोरल्या बाईने. नाव कुणाचं दिलं? जिने काढलं तिचं नाही, तिच्या मुलीचंही नाही. बादशहाचं. नकार कुणाला देता येणार होता?

त्या दालनात खरोखर काय तणाव होता याची नोंद नाही, आणि तो होताच असं मी म्हणत नाही. पण नाट्य लिहिणाऱ्याला ही मांडणी आयती मिळते. तवंग, ताटली, तीन बायका, एक पुरुष, मोत्यांची माळ. यातली नूरजहाँ गप्प ठेवली तर प्रसंग अधिक रंगेल, असं माझं मत आहे.

अत्तर-पान म्हणजे ‘आता या’

दरबारी रिवाजातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण तिच्यावर कितीतरी प्रसंग तोलता येतात. भेटीच्या शेवटी यजमान पाहुण्याला अत्तर लावतो, गुलाबपाणी शिंपडतो आणि विडा देतो. ती निरोपाची खूण. ‘तुम्हाला रजा आहे’ असं तोंडाने म्हणावं लागत नाही. इंग्रज वकिलांनीही (म्हणजे दरबारातल्या त्यांच्या राजदूतांनीही) हा रिवाज उचलला. त्यांच्या दरबारांच्या वर्णनांत अत्तर-पान शेवटीच येतं.

म्हणून पाहुणा आल्या आल्या त्याला अत्तर लावल्याचं दाखवू नका. मालिकांमध्ये सर्रास दाखवतात. तुम्ही मात्र ते मुद्दाम करू शकता. वकील गाऱ्हाणं मांडायला बसलाय, पहिलंच वाक्य बोलतोय, आणि कारभारी हसऱ्या चेहऱ्याने अत्तरदाणीकडे हात करतो. एक शब्द वाकडा नाही, तक्रारीला जागा नाही, आणि माणूस दाराबाहेर. उलटंही लिहा: बोलणं संपलंय, सगळे दाणीची वाट बघताहेत, ती येतच नाही. म्हणजे उठता येत नाही. म्हणजे अटक.

हाच रिवाज प्रेमाच्या प्रसंगात नेला तर फार गोड गंमत होते. सरदार आठ महिन्यांनी मोहिमेवरून आलाय. बाहेरच्या सोप्यावर मंडळी भेटून जाताहेत, प्रत्येकाला अत्तर-विडा मिळतोय, सारखी दाणी उघडतेय, मिटतेय. रात्री तो आतल्या खोलीत येतो. कोनाड्यात दाणी आहे, तो नुसता तिच्याकडे बघतो.

‘ती नाही उघडायची,’ ती म्हणते.

‘का?’

‘ती उघडली की माणसं जातात.’

एवढ्यावर प्रसंग संपवा. पुढे शेजेवरच्या पाकळ्या नकोत.

हळदीकुंकू: एका कोरड्या काडीचा प्रसंग

सत्तेची गोष्ट म्हटली की लिहिणारे थेट सदरेवर धावतात. माजघरात ती जास्त धारदार असते. हळदीकुंकवाला ओळीने बसलेल्या सुवासिनी, प्रत्येकीच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला अत्तर, वर गुलाबदाणीतून शिंपण, ओटीत वाण. या ओळीत क्रम असतो, वाटप असतं आणि साक्षीदार असतात. नाटकाला आणखी काय लागतं?

एका संहितेसाठी लिहिलेला प्रसंग इथे थोडा उलगडून दाखवते. थोरल्या जाऊबाईंच्या हातात अत्तरदाणी आहे. चांदीची काडी, टोकाला कापूस. धाकटीचा नवरा अलीकडे दरबारी चढतोय, थोरलीचा मागे पडलाय, हे सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. थोरली ओळीने निघते. काडी दाणीत बुडवायची, कडेला निथळायची, हातावर टेकवायची. पहिली, दुसरी, तिसरी. धाकटीपाशी आल्यावर ती काडी बोटांत हळूच उलटी करते आणि दाणीच्या फक्त कडेला लावते. खटकन आवाज होतो, रोजच्यासारखाच. काडी धाकटीच्या हातावर टेकते. टोक कोरडं.

बघणाऱ्यांना अत्तर लागलेलं दिसलं. लागलं नाही हे दोघींनाच माहीत. आता धाकटीने काय करायचं? बोलली तर ‘थेंबभर अत्तरासाठी भांडली’ हा शिक्का. ती हात नाकाशी नेते, डोळे किलकिले करते आणि म्हणते, ‘अगदी अस्सल आहे हो, जाऊबाई.’ थोरली जागच्या जागी थबकते, कारण आता खोटं बोलण्यात दोघी भागीदार झाल्या.

प्रसंग इथे थांबवला असता तरी चाललं असतं. पण मग मी सासूबाई आणल्या. त्या विधवा, आलवणातल्या, मधल्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेल्या. समारंभात त्यांना जागा नाही. गंध नाही, फूल नाही, अत्तर तर नाहीच. तेरा वर्षं त्यांच्या हाताला कुणी थेंब लावलेला नाही. धाकटी नमस्काराला वाकते. त्या डोक्यावर हात ठेवतात, तोच हात खाली येतो, तिचं मनगट धरतो.

‘सगळ्या जणी येऊन गेल्या. तुझ्याच हाताला वास नाही गं, मुली.’

धाकटी गप्प.

‘मला लावत नाहीत, म्हणून मला कळत नाही असं वाटतं सगळ्यांना.’

हे लिहिताना सासूबाईंना आणखी दोन वाक्यं द्यावीत, असा मोह झाला होता. दिली नाहीत. ज्या बाईला एखादी गोष्ट वर्ज्य केलीय तिचं तिच्याकडे सगळ्यांत बारीक लक्ष असतं, हे प्रेक्षकाला मनगट धरण्यावरूनच कळतं. शिवाय पुढच्या तीन भागांचा दारूगोळा तयार होतो. घरातल्या दोन सत्ता, दाणी धरणारी आणि वास ओळखणारी, आता समोरासमोर आल्या.

तुमचा प्रसंग वेगळा असेल, पण एवढं बघा. दाणी कुणाच्या हातात आहे? थेंब कुणाला कमी पडला? वास न येणं कुणाच्या लक्षात येतं? सुगंधाच्या प्रसंगात नसलेला वास हा असलेल्या वासापेक्षा जास्त काम करतो.

लावणाऱ्याला स्वतःचा वास येत नाही

नाकाची एक सवय लिहिणाऱ्याला फार मदत करते. एकाच वासात काही मिनिटं राहिलं की नाक तो वास नोंदवायचं सोडून देतं. अत्तर लावून बसलेल्याला थोड्या वेळाने ते जाणवत नाही; नव्याने खोलीत शिरणाऱ्याला लगेच जाणवतं. म्हणून ‘तिला स्वतःच्या अंगाचा केवड्याचा सुगंध दिवसभर सुखावत राहिला’ असलं लिहू नका. सुगंध नेहमी दुसऱ्याच्या नाकातून लिहा.

यातून गुपितं फुटतात. मोहिमेवर निघताना बायकोने नवऱ्याच्या पागोट्याच्या घडीत अत्तराचा फाया सरकवलाय, त्याला न सांगता. पहिल्या मुक्कामापर्यंत त्याचं नाक मरतं. छावणीत शेजारचा सरदार म्हणतो, ‘काय, आज हिना?’ तो गोंधळतो, पागोटं उतरवतो, घडीत बोट घालतो. तिची आठवण त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळली. प्रेमपत्र वाचून दाखवण्यापेक्षा हे बरं नाही का? आणि नवऱ्याचं नाव न घेणारी, ‘इकडून कधी येणं होईल’ एवढंच विचारू शकणारी बाई याहून जास्त काय बोलणार होती? त्या काळातल्या नवरा-बायकोंच्या तोंडी आडून बोलणंच असतं. अत्तर त्या बोलण्यात बरोबर बसतं. ‘प्रिये, तुझ्या सुगंधाने मी वेडा झालो’ हे बसत नाही.

अत्तराला घड्याळासारखंही वापरता येतं. चंदनाच्या तेलावर उतरवलेलं गुलाबाचं अत्तर अंगावर लावलं की आधी गुलाब पुढे असतो. तासातासाने तो विरतो आणि खाली चंदन उरतं. कापडावर वास अंगापेक्षा खूप जास्त टिकतो. लोकरीच्या शालीत तर दिवसेंदिवस. म्हणजे संशयाचा प्रसंग लिहिताना ‘परक्या अत्तराचा वास आला’ एवढ्यावर थांबू नका. नवरा म्हणतो, सकाळपासून खासगीच्या कामात होतो. बायकोला त्याच्या शेल्यावर गुलाब ताजा लागतो. सकाळचा असता तर एव्हाना चंदन उरलं असतं. ती काही बोलत नाही, शेला घडी घालून ठेवते. भांडणापेक्षा ही घडी प्रेक्षकाला जास्त घाबरवते.

यावरून एक सांगते. पत्नीला चंदन-तुळस आणि कलावंतिणीला अत्तर अशी वाटणी करून टाकायची सवय सोडा. घरंदाज बायकांच्या पेटाऱ्यात अत्तर असायचंच, उटणं असायचं, न्हाल्यावर केसांना धुपाची धुरी असायची, लुगड्यांच्या घड्यांत केवड्याची पानं आणि वाळा असायचा. बैठकीतली बाई अत्तर लावते तेव्हा ती यजमान असते. पाहुण्याला विडा देऊन रात्री घालवून देण्याचा अधिकारही तिचाच. तिथे अत्तर मोहाचं साधन म्हणून लिहिण्यापेक्षा, श्रीमंत पाहुण्याला सर्वांदेखत लवकर अत्तर लावून ती त्याला कशी उठवते, हे लिहा.

कुठलं अत्तर, कुठल्या काळात

इथे थोडा अभ्यास हवा. फार नको, पण चुकीचा वास सगळ्या प्रसंगाचा विचका करतो.

गोष्ट कल्याणीच्या चालुक्यांची किंवा यादवांची असेल तर चांदीची अत्तरदाणी विसरा. तिथे उटी आहे: चंदन, कापूर, केशर, कस्तुरी, अगरू उगाळून, घोटून केलेली. तिसऱ्या सोमेश्वराच्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोगांमध्ये विलेपनाला, म्हणजे अंगाला उटी लावण्याला, स्वतंत्र जागा आहे. त्याही आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध बनवण्याच्या कलेवर, अख्खा अध्याय लिहिला. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट: पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या ग्रंथांचं हस्तलिखित उजेडात आणलं, आणि त्यातल्या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. मराठी माणूस जुन्या काळी सुगंधावर मराठीत लिहीत होता, तेव्हा ‘आपल्याकडे असलं काही नव्हतं’ ही सबब चालणार नाही.

उटीचा प्रसंग अत्तराहून वेगळा चालतो. अत्तर क्षणात लागतं. उटी उगाळावी लागते. सहाणेवर खोड फिरत राहतं, हात दुखतो, बोलायला वेळ मिळतो. राणी स्वतः उगाळते आहे की दासी, यावरच नातं कळतं. दोन प्रेमिकांना सलग संवाद हवा असेल तर मला उटी जास्त आवडते.

मुघल काळ आणि पेशवाईत मात्र अत्तर. कनौज हे त्याचं माहेर, गाझीपूरचं गुलाबपाणीही नावाजलेलं. कनौजची रीत आजही जवळपास तीच आहे: तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकण माती-कापसाने लिंपून बंद, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात (वाफ गोळा होणाऱ्या भांड्यात), भपका गार पाण्याच्या टाक्यात, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल. वाफ त्या तेलात मुरते. आच किती, हे कारागीर हाताने चाचपून ओळखतो. उरलेलं पाणी जिरायला अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्यांत ठेवतात. चंदनाचा आधार न घेता नुसत्या फुला-मुळाचा अर्क काढला तर तो रूह. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात, म्हणजे रूह गुलाब कुणाच्या अंगाला असेल आणि कुणाच्या नसेल, हे वेगळं सांगायला नको. भेट म्हणून तो दिला की घेणारा ओशाळा होतो. सत्तेच्या खेळात एवढीच लहान वस्तू पुरते.

ऋतू सांभाळा. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा. थंडीत हिना, शमामा (तेही मसाल्यांचं उबदार अत्तर), अंबर, ऊद. हिना म्हणजे नुसती मेंदीची फुलं नव्हेत. मसाले, मुळं, वनस्पती घालून केलेलं ते भारी, उबदार अत्तर आहे. पावसाच्या तोंडावर मातीचं अत्तर, जे कनौजला भाजलेल्या मातीपासून काढतात. वैशाखात हिना लावून आलेला पाहुणा रसिकांना लगेच उपरा वाटेल. नवश्रीमंत सरदाराची फजिती दाखवायला हा एक तपशील पुरे.

कस्तुरी हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाची, अंबर देवमाशाच्या पोटातून समुद्रात आलेलं, ऊद पूर्वेकडच्या बुरशी लागलेल्या अगराच्या लाकडाचा. हे सगळं दुरून येतं, म्हणून ज्याच्या घरी आहे त्याचे हात लांबवर पोचलेत, असा अर्थ होतो. केवडा लिहिताना एवढं जपा की तो शंकराला वाहत नाहीत. शैव घराण्यातल्या पूजेच्या ताटात केवडा ठेवलात तर वाचक पत्र लिहील. मुद्दाम ठेवलात, नव्या सुनेच्या हातून, तर तो सुंदर प्रसंग होईल.

निशिगंध आणि झेंडू, दोघेही मूळ मेक्सिकोचे. यादवांच्या नायिकेच्या वेणीत निशिगंध माळू नका. व्हॅनिलाचा वास तर पेशवाईतही नको. व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झालं ते १८७४ मध्ये. आणि विषारी अत्तर! जवळजवळ प्रत्येक नवोदिताच्या डोक्यात ही कल्पना येते. पण लावणाऱ्याच्याच हाताला तेल आधी लागतं, हे विसरून चालत नाही. त्यापेक्षा पाहुण्याने हात पुढे न करणं दाखवा. यजमान काडी घेऊन उभा, समोरचा हात मागे बांधून उभा. सगळी सदर श्वास रोखून धरते, आणि विषाचा उच्चारही होत नाही.

पडद्यावर आणि रंगमंचावर

पडद्याला वास नसतो, म्हणून दिग्दर्शक नटाला डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायला लावतात. नाइलाजाने केलेला हा अभिनय विनोदी दिसतो. संहितेतच दुसरी क्रिया लिहून द्या: बोलता बोलता तो अडखळतो, वाक्य अर्धं राहतं, पुन्हा सुरू होतं. किंवा तो मागे वळून दाराकडे बघतो, आणि ती त्यानंतर आत येते. वास आधी, माणूस मागून. कॅमेऱ्याला एवढं पुरतं.

नाटकाला ही अडचण कमी. गंधर्व नाटक मंडळींच्या थाटाच्या आठवणींत अत्तराचा उल्लेख हमखास येतो. तो खर्च आज कुणाला परवडणार नाही, पण पहिल्या चार रांगांपर्यंत वाळ्याचा वास पोचवणं अवघड नसतं. एकाच अंकात करा. तीन अंक तोच वास दिलात तर नाकाच्या त्याच सवयीमुळे दुसऱ्या अंकात कुणाला काही जाणवणार नाही.

खऱ्या व्यक्तींबाबत हात आखडता ठेवा. मस्तानी, काशीबाई, नूरजहाँ यांच्या अंगाला एखादं ठरावीक अत्तर लावायचं असेल तर हातात कागद हवा. नसेल तर एक कल्पित दासी किंवा जाऊ उभी करा आणि कुपी तिच्या हातात द्या. तिला हवा तो वास द्यायला तुम्ही मोकळे.

शेवटचं काम कलाविभागाचं, पण ते संहितेतच लिहून ठेवा. एका निर्मितीत माझ्या अत्तराच्या प्रसंगाला पेशवाईतल्या बाईच्या हातात दाबायचा स्प्रे आला होता, वर सोनेरी रंग मारलेला. तसा स्प्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी नव्हताच, आणि तेलाचं अत्तर त्यातून उडतही नाही. तेव्हापासून मी प्रसंगाच्या डोक्यावर कंसात सगळं नोंदवते: चांदीची अत्तरदाणी, झाकणासह, काडी, टोकाला कापूस, फाया ठेवायचा असेल तर कानाच्या वरच्या पाळीत, मागे नाही, लांब मानेची गुलाबदाणी, काचेची कुपी असेल तर बूच काचेचं, फिरकीचं झाकण नको. आणि अत्तराचं नाव, पडद्यावर उच्चारलं जाणार नसलं तरी. नटीला हिना म्हणून सांगितलं की ती काडी सावकाश फिरवते, मोगरा सांगितला तर पटकन. हा फरक मी तालमीत पाहिला आहे.